गेट बंद ठेवा, पण वळू घरचा नको

दादा, तुमचा मेसेज शांतपणे दोनदा वाचला. ऐरोलीत राहून मुरबाडच्या गोठ्याची इतकी नोंद ठेवणारा माणूस मला तरी पहिल्यांदाच भेटला. आधी तुमचं म्हणणं माझ्या शब्दात मांडतो, कुठे चुकलं तर सांगा. 2012 साली तुमच्या काकांनी सौराष्ट्रातून सहा गीर गायी आणि एक वळू आणला, त्यानंतर बाहेरून एक जनावर आत घेतलं नाही, रेतनाची कांडी, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची नळी, ती पण नाही. पहिला वळू थकला तसा 2017ला त्याचाच एक गोऱ्हा ठेवला आणि 2021पासून त्या गोऱ्ह्याचा गोऱ्हा, तुमचा बादशाह, चालू आहे. आज लहानमोठी धरून 31 जनावरं. गेल्या दोन वर्षात 11 गायी व्यायल्या, त्यात दोन वासरं मेलेली जन्मली, एक तिसऱ्या दिवशी गेलं, एकाचा खालचा जबडा आखूड. चार गायी उलटतायत, म्हणजे भरवूनही परत माजावर येतायत. काका म्हणतात बाहेरचं काही नको, रक्त शुद्ध राहिलं पाहिजे आणि लम्पी परत यायला नको. आणि तुम्ही कुठेतरी वाचलंय की अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये मांसाच्या गायींचे कळप ऐंशी नव्वद वर्षं, एक तर तीनशे वर्षं बंद आहेत आणि मजेत आहेत, मग आपल्यालाच काय झालं?

मी ठाण्यात राहतो, कळवा, दिवा, शीळ, भिवंडी, कल्याण, मुरबाड या पट्ट्यात सत्तावीस वर्षं गुरांचं बघतोय. म्हशींचे तबेले जास्त, पण गेल्या दहाबारा वर्षात देशी गायींचे हौशी गोठे इतके झालेत की आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी हाच प्रश्न विचारतो, फक्त शब्द वेगळे असतात. बहुतेक लोक म्हणतात "डॉक्टर, गोठ्याला नजर लागलीय".

आधी एक गोष्ट सांगतो मग गणिताकडे येतो. शीळ फाट्याच्या आतल्या बाजूला एक गोठा होता, गायी वीसेक. जुलैचा महिना, रात्री दोनला फोन, गाय अडलीय. पोचलो तर वासरू बाहेर आलेलं, जिवंत, गाय चाटतेय, सगळं ठीक दिसत होतं. फक्त वासराची जीभ बाहेर लोंबत होती. हात लावून बघितलं तर खालचा जबडा वरच्यापेक्षा दोन बोटं आखूड. सड तोंडात धरता येईना, चीक गळून खाली जायचा. त्या बाईंनी, म्हणजे मालकाच्या आईंनी, बाटलीने पाजून ते वासरू दीड महिना जगवलं. एक असं वासरू झालं तर मी काही बोलत नाही, गाभण असताना एखाद्या विषाणूने किंवा कसल्या विषारी पाल्याने पण असं होऊ शकतं. पुढच्या वर्षी दुसरं झालं, तसंच. तेव्हा मी विचारलं की या दोघांचा बाप कोण, तर एकच, राजा. आणि या दोन्ही गायींचा बाप कोण? मालक गप्प. त्याला माहीतच नव्हतं, म्हणाला असेल कोणीतरी. मग आजी आत गेल्या आणि खिळ्याला अडकवलेला जुन्या कालनिर्णयांचा गठ्ठा घेऊन आल्या, अकरा वर्षांचा. प्रत्येक पानामागे दुधाचा हिशोब आणि पुढे तारखेच्या चौकटीत "चांदी राजा", "तांबडी राजा" असं पेन्सिलीने लिहिलेलं, कधी कोणती गाय भरवली ते. आम्ही खडूने गोठ्याच्या भिंतीवर घराण्याचं झाड काढत गेलो. अर्ध्या तासात भिंत भरली आणि ज्या गायीवरून वर जावं ती रेघ फिरून राजालाच जाऊन मिळत होती. तो राजा स्वतःच्या मुलींवर चालला होता, एकीच्या बाबतीत तर मुलीच्या मुलीवर. कुणाची लबाडी नाही, कुणाचं दुर्लक्ष पण नाही म्हणता येणार, सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं, फक्त कोणी एकत्र जोडून बघितलं नव्हतं.

आता तुमचं झाड. तुम्ही दिलेल्या माहितीवरूनच सांगतो. पहिल्या वळूच्या मुली 2013 मध्ये जन्मल्या, त्या अडीच तीन वर्षात माजावर आल्या म्हणजे 2016ला, तेव्हा तोच वळू गोठ्यात मोकळा होता. बाप आणि मुलगी यांच्या वासरात इनब्रीडिंग 25 टक्के. म्हणजे काय, तर वासराकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची एक बापाची, त्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता चारात एक. हे मोजायची पद्धत सिवॉल राइट नावाच्या अमेरिकन माणसाने 1922 मध्ये मांडली आणि आजही तीच चालते. पुढे 2017ला घरचा गोऱ्हा आला, तो त्याच्या सावत्र बहिणींवर चालला, वासरं साडेबारा टक्के. स्वतःच्या आईवर किंवा सख्ख्या बहिणीवर गेला असेल तर तिथे परत 25. आणि आता बादशाह. तो स्वतः सावत्र भावाबहिणींच्या पोटचा, आणि तो चालतोय त्याच्या बापाच्या इतर मुलींवर, ज्या पण तशाच जन्मलेल्या. मी कागदावर मांडून बघितलं, या वासरांचा आकडा सुमारे 22 टक्के येतो, आणि हे धरून की त्या मूळ सहा गायींचं आपसात काही नातं नव्हतं. एकाच गावातून, एकाच मालधाऱ्याकडून, म्हणजे तिकडच्या गुरं पाळणाऱ्याकडून, घेतल्या असतील तर ते गृहीतक पण गेलं, आकडा वर चढेल.

आपल्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत आहेच, त्या जोडप्याच्या मुलांचा आकडा सव्वा सहा टक्के येतो, आणि त्यावरही डॉक्टर लोक दोन शब्द ऐकवतात. तुमच्या गोठ्यात त्याच्या साडेतीन पट चाललंय आणि काका त्याला शुद्ध रक्त म्हणतायत. काकांना माझा नमस्कार सांगा आणि हे वाक्य वाचून दाखवू नका.

शुद्ध या शब्दाने फार घोळ घातलाय. गीर शुद्ध ठेवायची म्हणजे गीरवर गीर भरवायची, एवढंच. त्यासाठी एकाच घराण्यातला वळू लागत नाही. भावनगरचा गीर, जुनागढचा गीर, ब्राझीलला गेलेल्या गीरची परत आलेली कांडी, सगळे गीरच. त्यांच्यात सहसा जवळचं नातं नसतं आणि तेच आपल्याला हवंय. जात बंद ठेवणं वेगळं आणि कुटुंब बंद ठेवणं वेगळं.

आता त्या परदेशी कळपांबद्दल, कारण तुम्ही वाचलेलं खोटं नाहीये, अर्धं आहे. माइल्स सिटी, मोंटाना इथल्या सरकारी केंद्रात हेरफोर्ड या मांसाच्या जातीचा लाइन 1 नावाचा कळप आहे, 1934 पासून बंद. सुरुवात दोन वळूंपासून, आणि ते दोघे पण बापाकडून सावत्र भाऊ, ॲडव्हान्स डॉमिनो 20 आणि 54. गंमत बघा, गायीचा पहिला पूर्ण जीनोम, म्हणजे सगळ्या जनुकांचा नकाशा, 2009 मध्ये प्रसिद्ध झाला तो याच लाइनमधल्या डॉमिनेट नावाच्या गायीचा, आणि तिला निवडण्याचं एक कारण हेच की तिच्यात इनब्रीडिंग 30 टक्क्यांच्या आसपास होतं, दोन्ही प्रती सारख्या असल्या की वाचायला सोपं जातं. म्हणजे शास्त्रज्ञांना सोयीची गाय, शेतकऱ्याला नाही. ती लाइन टिकली कशी, तर त्यांनी कधीच एका वळूवर कळप चालवला नाही, दरवर्षी अनेक वळू वापरले, कोण कोणाचं याची प्रत्येक जनावराची नोंद ठेवली, आणि वर्षाच्या वजनावर कडक निवड केली. जे वासरू मागे पडलं ते पैदाशीत राहिलंच नाही, कत्तलखान्यात गेलं. शिवाय त्या काळात अशा इतरही लाइनी सुरू केल्या होत्या, बहुतेक आज नाहीत. आपल्याला जी टिकली तीच दिसते.

दुसरा तो इंग्लंडचा, चिलिंगहॅमचा, नॉर्थम्बरलँडमधला पांढरा रानटी कळप. तीनशेच्या वर वर्षं बंद. 2001 मध्ये त्यांच्या जनुकांची तपासणी झाली तेव्हा तपासलेल्या 25 पैकी 24 जागी सगळी जनावरं एकसारखी निघाली, जवळपास जुळी म्हणा ना. पण 1947च्या थंडीत तोच कळप 13 जनावरांवर आला होता, आठ गायी पाच वळू. शतकानुशतकं जे वाईट होतं ते मरून मरून बाहेर गेलं, उरलं ते असं. तिथे कोणी दुधाचा हिशोब ठेवत नाही, कोणाला वासरू बाटलीने जगवायचं नसतं, कोणी डॉक्टरला रात्री दोनला बोलवत नाही. असे किती कळप बंद होऊन संपले त्यांची बातमी कुठे आली नसणार.

थोडक्यात बंद कळप चालवायची एक किंमत असते आणि ती किंमत म्हणजे छाटणी. मांसाच्या कळपात ती आपोआप होते, जनावर तसंही जाणारच असतं. महाराष्ट्रात 1976च्या कायद्यात 2015ला बदल झाला त्यानंतर गाय सोडाच, बैल आणि वळूची पण कत्तल बंद आहे. त्यावर कोणाचं काय मत आहे ते असू दे, मी फक्त गोठ्यातला परिणाम सांगतो. आपल्याकडे जे वासरू जन्मलं ते राहतं. कमजोर राहतं, जबडा आखूड असलेलं राहतं, आणि मुख्य म्हणजे गोऱ्हे राहतात, दावणीला एका रांगेत चार चार, आणि त्यातला एखादा रात्री दावं तोडतो. तुम्ही म्हणता बादशाहच चालतो, मी पैजेवर सांगतो तुमच्या 11 वेतातला एक तरी दुसऱ्याच कुठल्या गोऱ्ह्याचा असणार. मी असे गोठे बघितलेत जिथे सव्वा वर्षाच्या खोंडाला "अजून लहान आहे" म्हणून आईजवळच ठेवलेलं. छाटणी करायची नाही आणि कळप पण बंद ठेवायचा, या दोन गोष्टी एकत्र चालत नाहीत.

लपलेला दोष म्हणजे काय ते पण समजून घ्या, नाहीतर काका म्हणतील पहिला वळू तर धडधाकट होता. होताच. असे दोष बहुतेक वेळा दोन्ही प्रती खराब असल्या तरच दिसतात, एक प्रत असलेला वळू दिसायला एकदम राजबिंडा असू शकतो. अमेरिकेत अँगस जातीत 2008 मध्ये वाकड्या वासरांचं प्रकरण झालं, पाय आखडलेले, पाठ वळलेली, मेलेली जन्मलेली वासरं. शोध घेतला तर बहुतेक रेघा प्रिसिजन 1680 नावाच्या एका अतिशय गाजलेल्या वळूकडे गेल्या, ज्याच्या कांड्या देशभर गेल्या होत्या. तो स्वतः ठणठणीत. गडबड त्याच्या नातवंडा पतवंडांची एकमेकांशी गाठ पडली तेव्हा झाली. त्याच्या आधी हेरफोर्डमध्ये 1940-50च्या दशकात बुटक्या वासरांची साथच आली होती, आणि ती माणसांनी ओढवून घेतली होती. प्रदर्शनात आखूड पायांचा, ठेंगणा, गच्च भरलेला वळू बक्षीस मिळवायचा, आणि ज्याच्याकडे त्या दोषाची एक प्रत आहे तो नेमका असाच दिसायचा. म्हणजे पंच लोक नकळत दोषच निवडत होते. आपल्याकडे कपाळ किती फुगीर, कान किती वळलेला यावर लाख लाख रुपये बोलले जातात तेव्हा मला हे आठवतं, पुढे काही बोलत नाही.

आणि जे दिसत नाही ते जास्त महाग पडतं. तुमच्या चार गायी उलटतायत ना? चीफ नावाचा एक होल्स्टीन, म्हणजे परदेशी दुधाळ जातीचा, वळू होता अमेरिकेत, 1962चा जन्म, दुधाला जबरदस्त, आजच्या होल्स्टीनच्या रक्तात त्याचा मोठा वाटा आहे. त्याच्याकडे एका जनुकाची अशी खराब प्रत होती की दोन्हीकडून आली तर गर्भच टिकत नाही. शास्त्रज्ञांच्या हिशोबाने त्यापायी जगभरात 5 लाखाच्या आसपास गर्भ गेले, आणि कित्येक वर्षं कोणाला पत्ता नव्हता, कारण मालकाला दिसतं काय, तर गाय परत माजावर आली. तो म्हणतो भरवणाऱ्याचा हात चांगला नाही.

एक हिशोब डोक्यात ठेवा. वळूकडे एखाद्या दोषाची एक प्रत असेल आणि तो स्वतःच्या मुलींवर चालला तर आठात एक वासरू दोषी निघतं. जुने लोक वळूची परीक्षा अशीच घ्यायचे, मुद्दाम 23 मुलींवर चालवून सगळी वासरं नीट निघाली तर 95 टक्के खात्री की वळू साफ आहे. तुम्ही ती परीक्षा न ठरवता घेतलीत आणि निकाल हातात आहे.

दोष दिसला नाही तरी हळूहळू झीज होते. मांसाच्या गायींवरच्या अभ्यासांचा सरासरी आकडा असा की वासराचं इनब्रीडिंग 1 टक्का वाढलं की दूध तोडतानाचं वजन साधारण अर्धा किलोला थोडं कमी घटतं, आणि आई पण इनब्रेड असेल तर तिचं दूध, तिची काळजी कमी पडते म्हणून अजून थोडं. 22 टक्क्याला 8-10 किलो हिशोब करा. ते आकडे मोठ्या अंगाच्या गायींचे आहेत, गीरला तसेच्या तसे लागणार नाहीत, पण दिशा तीच. सगळ्यात आधी मार बसतो तो गाभण राहणं, वासरू जगणं आणि आजाराला तोंड देणं यावर. दूध सगळ्यात शेवटी घटतं, म्हणून मालकाला उशिरा कळतं.

पण थांबा. सगळं खापर इनब्रीडिंगवर फोडू नका, मी पण फोडणार नाही, ही चूक मी स्वतः केलीय. कल्याणजवळच्या एका गोठ्यात झाड बघूनच ठरवून टाकलं की कारण हेच, आणि आठ महिन्यांनी तिथे ब्रुसेला, म्हणजे गर्भ पाडणारा संसर्गाचा आजार, निघाला. तेव्हापासून आधी रक्त मगच भाषण. तुम्ही सगळ्यात आधी ज्या गायींची वासरं मेलेली जन्मली त्या दोन आणि उलटणाऱ्या चार, यांचं रक्त ब्रुसेलासाठी तपासून घ्या. बादशाहचं पण. तोपर्यंत व्यायल्यावर पडलेली वार उघड्या हाताने उचलायची नाही, हा आजार माणसाला होतो आणि लवकर पिच्छा सोडत नाही. दुसरं, तुमची चराई भातखाचराच्या कडेला आहे म्हणालात, तिथे गोगलगायीतून लिव्हर फ्लूक, यकृतातला चपटा जंत, येतो, शेण तपासा. तिसरं, आपल्याकडे पावसाने जमिनीतलं धुवून जातं, मिनरल मिक्श्चर कधी देता आणि किती देता ते लिहून पाठवा, "देतो अधूनमधून" हे उत्तर चालणार नाही. चौथं गोचीड, पण ते मी येऊन बघेन. यातलं काही निघालं तरी बादशाहला सुटका नाही, कमजोर रक्ताच्या गोठ्यात हेच आजार जास्त जोर करतात. दोन्ही दुरुस्त करायला लागेल.

आता चांगली बातमी, आणि ही बहुतेकांना पटतच नाही. वासराचं इनब्रीडिंग आईच्या इनब्रीडिंगवरून ठरत नाही, आई आणि बाप यांच्यात नातं किती यावरून ठरतं. तुमची गाय 22 टक्केवाली असू दे, तिला नातं नसलेल्या गीर वळूने भरवली की वासरू शून्य. अर्धं नाही, पाव नाही, शून्य. चौदा वर्षांचा गुंता एका वेतात सुटतो. फक्त त्या वासराच्या अंगात आईकडून आलेली दोषाची एखादी प्रत लपलेली असू शकते, म्हणून त्या वासरांतला गोऱ्हा परत घरच्या गायींवर सोडायचा नाही, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून तेच.

काकांची लम्पीची भीती मात्र योग्य आहे, 2022ला आपण सगळ्यांनी बघितलंय काय झालं ते. बाहेरून जनावर आणू नका हे मी पण सांगतो. म्हसा यात्रेला जा, बैल बघा, भजी खा, पण तिथून वळू आणून थेट कळपात सोडू नका. गेट बंदच ठेवा. रक्त गेटातून यायची गरजच नाही, ते नायट्रोजनच्या डब्यातून येतं. मान्यताप्राप्त वीर्य केंद्राच्या वळूंची टीबी, ब्रुसेला, आयबीआर (गुरांचा एक विषाणूचा आजार) वगैरेसाठी नियमाने तपासणी होते, तुमच्या गावातल्या कुठल्याही वळूची होत नाही. गीरच्या कांड्या उरुळी कांचनच्या बायफ या संस्थेकडे, गुजरातेत बिडजच्या साबरमती आश्रम गोशाळेत तयार होतात, तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारलं की सध्या काय मिळतंय ते कळेल.

पण कांडी म्हणजे आपोआप सुटका नाही हां. प्रिसिजन आणि चीफ दोघे कांडीतूनच पसरले. एकाच वळूच्या कांड्या सगळ्या गायींना मारल्या की पाच वर्षांनी तुम्ही परत तिथेच. एक वळू आणि 30 गायी असल्या तर आनुवंशिक हिशोबात तो कळप 30चा नसतो, जेमतेम चारचा असतो, गणित 4 गुणिले 1 गुणिले 30 भागिले 31, आणि दर पिढीला जवळपास 13 टक्के इनब्रीडिंग वाढतं. दोन वळू झाले की ते निम्म्यावर येतं, चार झाले की साडेतीनच्या आसपास. जाणकार दर पिढीला 1 टक्क्याच्या आत ठेवा म्हणतात, ते एकट्या गोठ्याला जमत नाही, म्हणून तर बाहेरचं रक्त लागतं. वळूची संख्या हीच चावी आहे, गायी कितीही वाढवा फारसा फरक पडत नाही.

तुमच्यासाठी मी असं करीन. एकमेकांशी नातं नसलेले तीन वळू निवडायचे, क्रमांक मागायचे आणि प्रत्येकाचा बाप कोण ते पण विचारायचं, कारण केंद्रात दोन वेगळ्या क्रमांकांचे वळू एकाच बापाचे असू शकतात आणि कांडी देणारा ते स्वतःहून सांगणार नाही. घरातल्या गायींचे आईच्या घराण्यावरून तीन गट पाडा, गळ्यात तीन रंगाची दावी, लाल गटाला पहिला वळू, हिरव्याला दुसरा, पिवळ्याला तिसरा. पुढे लाल गटाच्या कालवडी मोठ्या झाल्या की त्यांना दुसरा, हिरव्याच्या कालवडींना तिसरा, असं फिरत राहायचं, आणि चार पाच वर्षांनी वळूच नवीन घ्यायचे. दाव्याचा रंग घरातल्या लहान पोराला पण कळतो, वही कोणी वाचत नाही.

वही तरीही हवी. आणि एक सवय लावा, भरवून झाल्यावर रिकामी कांडी मागून घ्यायची. तिच्यावर वळूचा क्रमांक, जात, केंद्राचं चिन्ह, तारीख छापलेली असते. ती त्या गायीच्या पानावर सेलोटेपने चिकटवायची, शेजारी कानातल्या पिवळ्या टॅगचा बारा आकडी नंबर. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी गेली नऊ वर्षं हे केलंय, त्यांची वही बघितली की मला माझ्या रजिस्टरची लाज वाटते. सुरुवातीला भरवणारा माणूस कुरकुर करेल, कांडी फेकून देतो म्हणेल. द्यायची नाही म्हणालाच तर बहुधा त्याने सांगितलेला वळू आणि डब्यातला वळू वेगळा आहे, हे पण मी बघितलंय.

सेक्स्ड कांडीचं विचारलं होतं. जवळपास 90 टक्के कालवडी होतात, आपल्याकडे गोऱ्ह्यांचं काय करायचं हा प्रश्न असल्यामुळे कामाची गोष्ट आहे, पण गाभण राहायचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा कमी असतं. उलटणाऱ्या चार गायींना अजिबात वापरू नका, पैसे पाण्यात. निरोगी पहिलारू कालवडींना चालेल. जीनोम चाचणीचं म्हणाल तर आता देशी गायींसाठी गौ चिप आलीय, 2024च्या ऑक्टोबरात आपल्याच वाशिमला तिची घोषणा झाली, पण ती मुळात वळू निवडणाऱ्यांच्या कामाची. 31 जनावरांच्या गोठ्याला ते पैसे मिनरल मिक्श्चरवर आणि कुंपणावर घालावेत असं माझं मत, दुसरा कोणी डॉक्टर वेगळं सांगेल. आणि होल्स्टीनसारखी ठरावीक दोषांच्या चाचण्यांची लांबलचक यादी गीरला नाही, त्यामुळे नातं टाळणं हाच आपल्या हातातला उपाय.

राहिला बादशाह. काका त्याला विकायला तयार होतील, कारण बैल म्हणून नाही तर वळू म्हणून चांगला भाव येईल, शेजारच्या गावातले लोक विचारत पण असतील. माझी विनंती, वळू म्हणून देऊ नका. आखूड जबड्याचं वासरू त्याच्याच पोटचं आहे, त्याच्या अंगात काय लपलंय ते आपल्याला माहीत नाही, आणि दुसऱ्याच्या गोठ्यात ते दिसायला सात आठ वर्षं लागतील तोपर्यंत कोणाला आठवणार पण नाही कुठून आलं. खच्ची करून बैल म्हणून ठेवा किंवा द्या. वर्षाच्या पुढचे जे तीन गोऱ्हे तुम्ही लिहिलेत ते पण त्याच दिवशी उरकू, आणि दहा महिन्यांच्या त्या दोघांना आजच वेगळ्या दावणीला बांधा. चिमट्याने करतो, रक्त येत नाही, तरी पावसाच्या आत झालेलं बरं. मी पुढच्या रविवारी सरळगावला एका गोठ्यावर येतोय, तिथून तुमच्याकडे अर्ध्या तासावर, सकाळी नऊच्या आत येतो म्हणजे ऊन चढायच्या आत सगळ्यांचं रक्तही काढून होईल. जनावरं चरायला सोडू नका आणि काकूंकडे जुनी कॅलेंडरं असतील तर काढून ठेवा.